हातात मिरची देऊ नये

माझे घरमालक काकासाहेब आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, आणि जगातली कुठलीही वस्तू दोनच कारणांनी बिघडते असं त्यांचं ठाम मत आहे. एक तर ती ढिली झालेली असते, नाही तर गळत असते. ढिली असेल तर आवळायची, गळत असेल तर बुजवायची. एवढ्या तत्त्वज्ञानावर त्यांनी छत्तीस वर्षं नोकरी केली, मुलाला इंजिनियर केलं आणि मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनच्या मागं गुंठेवारीच्या प्लॉटवर खाली दोन, वर दोन खोल्या बांधल्या. वरच्या दोन खोल्यांत अकरा वर्षांपासून मी भाड्यानं राहते. मी संध्या. शाळेत गणित शिकवते, आणि माझा स्वभाव कसा आहे ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारू नका. माझ्या डोक्यावर गच्ची आहे आणि गच्चीवर काकासाहेबांच्या कुंड्या. तेव्हा पुढचं पुष्कळसं मी खालून पाहिलेलं आहे, काही वेळा हातात पातेलं धरून.

काकासाहेबांना मिरच्यांचा नाद लागला तो बायकोमुळे. आवडाबाईंचं माहेर सिल्लोडकडचं. तिकडं हंगामात मिरचीच्या गाड्या निघाल्या की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा शिंकतात. गल्लीत या बाईंच्या दोन गोष्टी प्रसिद्ध होत्या, हातचा ठेचा आणि तोंडच्या शिव्या. ठेचा सणावारी मिळायचा, शिव्या रोज. सकाळी साडेसहाला खालून "अहो, मुडदा बशिवला तुमच्या त्या बादलीचा, पायात आली की माझ्या!" असं ऐकू आलं की मी उठायचे. मोबाइलला अलार्म लावायची मला कधी गरज पडली नाही.

दोन वर्षांपूर्वी काकासाहेब निवृत्त झाले. आठवड्यातच त्यांनी जाधववाडीच्या मार्केटातून पाव किलो मिरच्या आणल्या. आवडाबाईंनी त्यातली एक दातांनी तोडली, चावली आणि नवऱ्याकडं असं पाहिलं की बिचारा आपोआप उभा राहिला.

"ही मिरची हाय का काकडीची धाकटी भन?"

"अगं, लवंगी म्हणून दिली त्यानं."

"त्यानं दिली आन् तुमी घेतली! तिखट मिरची आणता येत नाय तर पिकवा. आता काय कामधंदा हाय तुमाला?"

बाई रागात बोलून गेल्या. पण छत्तीस वर्षं वरून ऑर्डर आल्याशिवाय पाना न उचललेल्या माणसाला निवृत्तीनंतर कुणाची तरी ऑर्डर हवीच असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुदळ आणली.

इथं एक गोष्ट सांगून ठेवते. आवडाबाई कुणाच्याही हातात मिरची देत नसत. हातात मिरची दिली की भांडण होतं, असं त्या मानत. मला ठेच्यासाठी चार मिरच्या हव्या असल्या तर त्या जिन्याच्या कठड्यावर ठेवत, मग मी उचलायच्या. नवऱ्यालाही तोच नियम. ताटाच्या कडेला मिरची ठेवायची, हातात नाही. "तुमचं भांडण तर मिरची न देताच चालू असतं," असं मी एकदा म्हणाले. "ते येगळं, मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या, "ते आमचं घरचं हाय. मिरचीचं भांडण लई वंगाळ." यात कुठला तर्क आहे ते गणिताच्या बाईला अजून सापडलेलं नाही, पण मी मिरच्या कठड्यावरूनच उचलत राहिले.

तर कुदळ. घराच्या मागं मोरीच्या शेजारी दहा बाय सहा फुटांचं अंगण आहे. त्याला अंगण आम्ही प्रेमानं म्हणतो. प्लॉटिंग झालं तेव्हा खड्डा बुजवायला कुणीतरी मुरूम ओतला, त्यावर पाडलेल्या घरांचा राडारोडा, आणि त्यावर काकासाहेबांच्या स्वतःच्या बांधकामाचं उरलेलं सिमेंट. पहिला घाव घातला तेव्हा ठिणगी उडाली. दिवसभरात फूटभर खोल गेल्यावर त्यातून एक प्लास्टिकची चप्पल, अर्धी फरशी, गुटख्याच्या पुड्या आणि स्टीलचा एक चमचा निघाला. चमचा आवडाबाईंनी ओळखला. सात वर्षांपूर्वी तो मीच नेला असा त्यांना संशय होता. माझी माफी कुणी मागितली नाही.

मूठभर मातीवर लिंबू पिळलं तर ती सोड्यासारखी फसफसली. तपासायला दिली तर कागदावर लिहून आलं की चुना भरपूर, सेंद्रिय कर्ब नावालाच. काकासाहेबांनी कागद मोठ्यानं वाचून दाखवला.

"माती नाय ती, पडल्याली भिंत हाय," आवडाबाई म्हणाल्या. "तुमच्या डोक्यात टाका ते शेणखत. तिथं तरी काय उगवंल."

तरीही त्यांनी नऊ रोपं लावली. महिन्याभरात पानं पिवळी पडली, नुसत्या शिरा हिरव्या राहिल्या. एका रोपाला एक मिरची लागली, तीही सुरळी होऊन. आवडाबाई रोज सकाळी मोरीवर भांडी घासता घासता त्या नऊ रोपांची आणि त्यांच्या मालकाची हजेरी घेत. तो पहिला हंगाम मिरचीच्या दृष्टीनं वाया गेला, पण घर दणाणून गेलेलं असायचं. काकासाहेब खाली मान घालून हसत असत, हे मी वरून बघितलेलं आहे.

मग गेल्या जानेवारीत संक्रांतीनंतर आवडाबाईंना ताप आला. आठ दिवसांत ताप उतरला. जाताना मात्र तो नाकाचा वास आणि जिभेची चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, नसांचं काम आहे, येईल हळूहळू, धीर धरा. धीर धरा म्हणायला डॉक्टरांचं काय जातं? त्यांना संध्याकाळी घरी जाऊन गरम वरणाचा वास येत असेल.

बाई स्वयंपाक करत, पण मीठ चमच्यानं मोजून घालत. जन्मात त्यांनी मीठ मोजलं नव्हतं. अर्धी भाकरी खायच्या आणि ताट सरकवायच्या. "भुसा," एवढंच म्हणायच्या. ठेचा बंद झाला. खलबत्ता धुऊन पालथा घातला तो तसाच राहिला. उन्हाळा येईपर्यंत हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या भांडायच्या थांबल्या. बादली पायात आली तर बाजूला ठेवायच्या. दूध उतू गेलं तर पुसायच्या. चवीबरोबर माणसाची मतंही जातात की काय कोण जाणे.

मी मोबाइलला अलार्म लावला. दोनदा उशिरा उठले, मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली. हे लिहायला लाज वाटते, पण मला त्या शिव्यांची फार आठवण यायची. रविवारी दुपारी खालून फक्त भांड्यांचा आवाज यायचा, आणि मला पेपर तपासायला सुचायचं नाही.

एका संध्याकाळी काकासाहेब जिना चढून वर आले. माझ्या दारात कधी बसत नाहीत, त्या दिवशी उंबऱ्यावर बसले.

"मॅडम, ती मला शिवी देत नाय," ते म्हणाले. "दोन म्हयनं झालं. म्या काल मुद्दाम चपला घालून सैपाकघरात गेलो. बघितलं आन् गप बसली."

मी चहा ठेवते म्हणाले.

"नको. आयका. गाडीची बॅटरी उतरली की सेल्फ मारून काय फायदा नसतो, धक्का मारावा लागतो. तिच्या तोंडाला एकदा जरी तिखट लागलं ना, ती आपोआप चालू हुईल. आता लवंगी-फिवंगी नाय. आता जगात असंल ती सगळ्यात जहाल लावायची."

त्यांनी मग घर डोक्यावर घेतलं. ऋतुराज, म्हणजे त्यांचा पुण्यातला मुलगा, त्यानं बियांची पाकिटं पाठवली. भूत झोलकिया, केरळची पांढरी कांथारी, आणि एका पाकिटावर नुसतं कवटीचं चित्र. गच्चीवरच्या शेतीच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपात ते सामील झाले. कुणी सांगितलं ताक घाला, कुणी म्हणालं केळीची सालं, कुणी हिंगाचं पाणी, कुणी गूळ आणि बेसन. काकासाहेबांनी सगळ्यांचा मान राखला. एकेका कुंडीत मिरची सोडून अख्खी पंगत बसवली होती.

अंगणातल्या मातीवर मात्र त्यांचा विश्वास उडाला होता. त्यांनी मेहुण्याला फोन लावला. पुंडलिकमामा सिल्लोडकडं शेती करतात. ते पिकअपमधून काळ्या मातीची सहा पोती घेऊन आले. काकासाहेबांनी पोत्यात हात घातला, मूठ नाकाशी नेली आणि कपाळाला लावली. शेतकऱ्याचा पोरगा तो. काळी माती म्हणजे सोनं हे त्याला दुधाबरोबर पाजलेलं. मोडक्या कूलरचा टब त्यांनी सोडवून गच्चीवर नेला, सांगाडा मोरीशेजारी अंगणातच टाकला. रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे, मातीच्या कुंड्या, सगळ्यांत काळी माती गच्च भरली. जूनपर्यंत माझ्या डोक्यावर एकवीस रोपं उभी होती.

आणि इथं माझा हात लागतो. पावसाला सुरुवात झाली आणि एकवीस कुंड्यांच्या बुडातून निघालेलं चहाच्या रंगाचं पाणी स्लॅबच्या चिरेतून थेट माझ्या ओट्यावर पडायला लागलं. एका रविवारी मी कणीक मळून ठेवली होती, तिच्यावर पडलं. मी तशीच परात घेऊन खाली गेले आणि बोलले. चांगलीच बोलले. आवडाबाई खाटेवर बसून ऐकत होत्या. पूर्वीच्या आवडाबाईंनी मला परातीसकट जिन्यावर चढवलं असतं. त्या म्हणाल्या, "खरं हाय तिचं." मला जास्तच राग आला, कशाचा ते तेव्हा कळलं नाही.

काकासाहेबांचा मात्र चेहरा पडला. छत्तीस वर्षं गळती बंद करणाऱ्या माणसाच्या घरात गळती! "मॅडम, उद्या संध्याकाळपर्यंत थेंब पडला तर नाव सांगणार नाय," ते म्हणाले. आणि शब्द पाळला. एकेक कुंडी आडवी केली, बुडाची भोकं एमसीलनं बुजवली, वरून डांबर लावलं. काम असं पक्कं की एसटीनं बक्षीस द्यावं. माझा ओटा कोरडा झाला. मी वर जाऊन त्यांचे आभारसुद्धा मानले. गणित शिकवते मी, वनस्पतीशास्त्र नाही.

त्यांची एक सवय होती. वर्कशॉपमध्ये ते पाना ठोकून आवाजावरून पार्टची तब्येत सांगायचे. तसा ते रोज सकाळी कुंड्यांवर पाना ठोकत. टण वाजलं तर कोरडी, ठप वाजलं तर भरलेली. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा, त्यामुळं भरलेल्या वस्तूचा आवाज ऐकून माणसाला बरं वाटतं. जुलैभर एकवीसच्या एकवीस कुंड्या ठप वाजत होत्या. "सगळ्या फुल हायेत," ते मला गच्चीवरून सांगत. मिरच्यांनी माना टाकल्या तसं त्यांना वाटलं की तहान लागली. त्यांनी आणखी पाणी घातलं. त्या महिन्यात एकच फळ धरलं, कवटीच्या चित्राच्या पाकिटातल्या रोपाला. ती ढोबळी मिरची निघाली.

राखीपौर्णिमेला पुंडलिकमामा बहिणीकडं आले आणि गच्चीवर गेले. एक रोप धरून ओढलं तर ते चिखलातून पायमोज्यासारखं निघालं. मूळ काळं पडलेलं, वास असा की मी खाली जाऊन माझ्या खिडक्या लावून आले.

"दाजी, हे काय केलंत?" मामा म्हणाले. "मिरचीला पाय बुडवून बसवलंय तुमी. माती कशी का असंना, मिरचीला पाय कोरडं लागत्यात. आमच्याकडं काळ्या रानात सरी काढून लावतो आमी. भोकं कुठं हायेत कुंडीची?"

काकासाहेबांनी एक कुंडी आडवी करून बुडाचं डांबर दाखवलं. मला माझी परात आठवली.

वीस रोपं गेली. एक जगलं. भूत झोलकियाचं होतं, रंगाच्या निळ्या बादलीत. ती बादली जिन्यात हातातून पडून तिचं बूड तडकलं होतं, आणि ती चीर काकासाहेबांच्या नजरेतून सुटली होती. माझ्या नजरेतून नव्हती सुटली. ती बादली अजूनही ठिबकत होती, अगदी माझ्या गॅसच्या शेगडीपाशी. पण परातीच्या त्या दिवसानंतर मी तिथं एक पातेलं ठेवलं आणि तोंड मिटलं. त्या माणसाला आणखी एक गळती दाखवण्याची माझी हिंमत झाली नाही. पातेलं भरलं की मी ओतून यायचे.

ऑक्टोबरमध्ये त्या रोपाला तीन मिरच्या पिकल्या. अंगठ्याच्या पेरांएवढ्या, सुरकुतलेल्या, लालभडक. काकासाहेबांनी मला साक्षीदार म्हणून खाली बोलावलं. आवडाबाई खाटेवर बसल्या होत्या. काकासाहेबांनी मिरची धुतली, पुसली, आणि ताटलीत न ठेवता सरळ बायकोच्या तळहातावर ठेवली. मुद्दाम. माझ्याकडं चोरून बघितलंसुद्धा. म्हणजे तिखटानं नाही जमलं तर निदान या नियमभंगानं तरी बाई पेटतील, असा दुहेरी डाव होता.

आवडाबाईंनी हातातल्या मिरचीकडं बघितलं. काहीच बोलल्या नाहीत. अर्धी तोडून तोंडात टाकली आणि चावायला लागल्या. उरलेली अर्धी सोबत म्हणून काकासाहेबांनी खाल्ली. पुढची दहा मिनिटं मी त्यांच्याविषयी फार आदरानं लिहू शकत नाही. ते आधी गप्प झाले, मग लाल झाले, मग दह्याच्या भांड्यात तोंड घालून बसले, मग पाण्याच्या ड्रममध्ये डोकं घातलं, मग देवघरासमोर जाऊन उभे राहिले, जिथं ते दिवाळीशिवाय जात नाहीत. आवडाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण चेहरा तसाच. त्या उठल्या, डब्यातून गुळाचा खडा काढून नवऱ्याच्या तोंडात घातला आणि परत येऊन बसल्या.

"पोळलं," त्या म्हणाल्या. "पर मिरची खाल्ल्यावानी नाय वाटलं. नुसता जाळ हाय. चव कुठं हाय?"

काकासाहेबांना बोलता येत नव्हतं. तोंडात गूळ होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते सगळंच काही मिरचीचं नव्हतं. मी उठून वर आले आणि माझ्या ओट्याला टेकून रडले. पातेलं तेवढ्यात भरलं होतं, तेही ओतायचं राहिलं.

त्यानंतर त्यांनी नाद सोडला. व्हॉट्सॲप ग्रुपातून बाहेर पडले. वाळलेली माती पोत्यांत भरून जिन्याखाली लावली, बादल्या धुऊन एकात एक घातल्या. निळी बादली तेवढी राहिली, कारण तिला उचलायचं त्यांच्या जिवावर आलं. सकाळी पाना घेऊन वर यायचे, तिच्यावर ठोकायचे आणि खाली जायचे. त्यांना आता कशातच काही आवळायला किंवा बुजवायला दिसत नव्हतं.

डिसेंबरात एका रविवारी सकाळी गल्लीत भंगारवाला आला. काकासाहेबांनी त्याला थांबवलं. मोरीशेजारी कूलरचा सांगाडा जूनपासून पडला होता, मला तो कायमचा वाटायचा. "तो ने," म्हणाले आणि रिकाम्या बादल्या आणायला वर आले. ते बादल्या घेऊन उतरत होते, मी जिन्यात वाट देत होते. तेवढ्यात अंगणातून आवाज आला.

"हात लावशील तर हात मोडून ठिवीन! मसण्या! सोड ते!"

काकासाहेब पायरीवरच थिजले. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या हातातल्या बादल्या गडगडत माझ्या दारापर्यंत आल्या, कुणी उचलल्या नाहीत. आम्ही दोघं खाली धावलो.

आवडाबाई हातात भांडी घासायचा काथ्याचा बोळा घेऊन कूलरसमोर उभ्या होत्या आणि भंगारवाला दोन पावलं मागं सरकून सांगत होता, "अम्मा, मेरे पे कायको चिल्लाते? चाचा बोले ले जाव करके."

"चाचाला काय कळतं? चाचाच्या डोक्यात माती! तीबी काळी, भोकं बुजवल्याली!"

भंगारवाल्यानं काकासाहेबांकडं दयेनं पाहिलं आणि गाडा ढकलत निघून गेला.

आवडाबाईंनी मग कूलरच्या गवताची जाळी बाजूला केली. सांगाड्याच्या आडोशाला, मोरीचं पाणी जिथून घरंगळून जातं तिथं, त्या फसफसणाऱ्या मुरमात, फुटक्या फरशीच्या फटीत मिरचीचं झाड उभं होतं. गुडघ्याएवढं, पानं बारीक, पण खोड लाकडासारखं कडक. त्याला पंधरा-वीस मिरच्या होत्या. कुणी लावलं नव्हतं. संक्रांतीला शेवटचा ठेचा कुटून बाईंनी खलबत्ता मोरीवर धुतला, त्यातलं माहेरच्या मिरचीचं बी होतं ते. कुंड्यांची पंगत वर चालू असताना याला इथं तांदळाचं धुवण, भांडी घासायची मूठभर राख कधी मिळाली तर, आणि पाण्याचा नुसता ओझरता हात, एवढंच मिळत होतं. मुरमात पाणी थांबत नाही. पाय कोरडे राहिले.

"कधीपासून माहीत हाय तुला?" काकासाहेबांनी विचारलं.

"उन्हाळ्यापासून. दोन पानं व्हती तवापासून."

"आन् मला सांगितलं नाय?"

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी यालाबी सील लावलं असतं."

काकासाहेब हसले नाहीत. ते झाडापाशी उकिडवे बसले. आवडाबाईंनी एक पिकलेली मिरची देठासकट तोडली, नाकाशी नेली आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आठ दिवस झालं, वास यायलाय. आधी वाटलं भास हाय. म्हणून रोज एक तोडून बघत व्हते. काल जिभेवर धरली. आमच्या रानातली हाय, वळखली म्या."

एवढं बोलून त्यांनी ती मिरची काकासाहेबांच्या उघड्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं तिच्यावर मिटवली.

काकासाहेब मुठीकडं बघत राहिले. "हातात दिलीस," ते म्हणाले. "भांडण व्हतं म्हणतीस ना?"

"व्हऊ द्या," आवडाबाई म्हणाल्या. "त्याच्यासाठीच दिली."

आणि झालं. त्यांनी सुरुवात केली ती मोरीशेजारच्या दहा बाय सहाच्या खड्ड्यापासून. तिथून त्या बुजवलेल्या भोकांवर आल्या, तिथून चपला घालून सैपाकघरात आलात ते काय मला दिसलं नाय व्हय यावर, उतू गेलेल्या दुधावर, मोजलेल्या मिठावर, ती सैतानाची लाल मिरची माझ्या तोंडात घालताना लाज कशी वाटली नाय यावर. दहा महिने गप्प बसून बाईंनी एकही गोष्ट विसरलेली नव्हती. बोलता बोलता त्यांनी खलबत्ता सरळ केला, लसूण सोलला, तव्यावर मिरच्या टाकल्या. तिसऱ्या घरातला म्हातारा खोकत बाहेर आला. काकासाहेब मोरीच्या कट्ट्यावर बसून मूठ तशीच मिटलेली धरून ऐकत होते आणि डोळे शर्टाच्या बाहीला पुसत होते. मध्येच त्यांनी "पर मी म्हणतो..." असं काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, तो त्यांना पुरा करू दिला नाही.

ठेच्याचा पहिला घास आवडाबाईंनी खाल्ला, थांबल्या, आणि म्हणाल्या, "मीठ कमी झालंय." चिमूटभर घेतलं आणि न मोजता टाकलं.

एवढं सगळं बघितल्यावर मला राहवलं नाही. सहा महिने पातेली ओतून माझा हात दुखत होता. मी पदर खोचला आणि तिथंच उभं राहून सांगून टाकलं की तुमच्या त्या निळ्या बादलीचं बूड फुटलेलं आहे, तिचं पाणी माझ्या शेगडीत पडतं, आणि हे असलं घर मी अकरा वर्षं कसं सहन केलं ते माझं मला माहीत.

आवडाबाईंनी वरवंट्यासारखी मान माझ्याकडं फिरवली. "सहा म्हयनं गळतंय आन् आज सांगतीस? तोंडात काय मिरची धरून बसली व्हतीस, मास्तरणे?"

मग त्यांनी मला जे काही ऐकवलं ते मी विद्यार्थ्यांपुढं म्हणू शकणार नाही. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी मोबाइलचा अलार्म काढून टाकला.